श्री ठाणेदारांचा महाभियोग: मंगळवारी मांडला, बुधवारी गुंडाळला

१३ मे २०२५, मंगळवार. अमेरिकेच्या हाउसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या खालच्या सभागृहात, एका सत्तर वर्षांच्या डेमोक्रॅट खासदाराने जाहीर केलं की डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर महाभियोग चालवायचा माझा ठराव मी आता थेट मतदानाला आणतोय. दुसऱ्या दिवशी बुधवारी संध्याकाळपर्यंत त्याच माणसाने सांगितलं की नाही आणत, आधी सहकाऱ्यांशी बोलतो, अजून कलमं घालतो, पाठिंबा गोळा करतो. मतदान झालंच नाही. ट्रम्पना तर काही फरक पडायचा प्रश्नच नव्हता, पण त्या चोवीसएक तासांत त्या खासदाराच्या स्वतःच्याच पक्षातले लोक त्याच्यावर जेवढे चिडले तेवढे त्या आठवड्यात ट्रम्पवर तरी चिडले होते का असा प्रश्न पडावा.

हा खासदार म्हणजे श्री ठाणेदार. मिशिगनचा तेरावा मतदारसंघ, म्हणजे डेट्रॉइट. आणि हो, "श्री" हे त्यांचं नावच आहे, आपण आदराने लावलेलं नाही. जन्म चिकोडीचा, बालपण बेळगावचं, घरात मराठी. मराठी वाचकांना ते राजकारणी व्हायच्या खूप आधीपासून माहीत आहेत कारण त्यांनी मराठीत आत्मचरित्र लिहिलं आणि ते चाललं पण जोरात, आमच्या मामांच्या कपाटात स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांशेजारी ते होतं आणि दहावीला मला ते "वाच, काहीतरी शीक" म्हणून हातात दिलं गेलं होतं. त्यामुळे बहुतेक मराठी माणसांच्या डोक्यातले ठाणेदार म्हणजे गरिबीतून वर आलेला केमिस्ट उद्योजक. काँग्रेसमधले ठाणेदार (इथे काँग्रेस म्हणजे तिकडची संसद, आपली काँग्रेस नव्हे) कसे आहेत ते मात्र आपल्याकडे फार कोणी बघत नाही, निवडून आले तेव्हा पेढे वाटल्याच्या बातम्या आल्या आणि विषय संपला.

मला त्या मे महिन्यातल्या प्रकरणात रस आहे कारण त्या एका दिवसात त्यांची सगळी कारकीर्द दिसते. हा माणूस शिडी न लावता गच्चीवर चढलाय, आणि गच्चीवर एकटा उभा असताना काय होतं ते तिथे दिसलं.

आधी नियम समजून घेऊ, नाहीतर हे सगळं नुसतं नाटक वाटेल. हाउसमध्ये ४३५ जागा. कोणीही खासदार महाभियोगाचा ठराव टाकू शकतो, पण टाकला की तो जातो ज्युडिशियरी कमिटीकडे, आणि कमिटीचा अध्यक्ष असतो बहुमतवाल्या पक्षाचा, तेव्हा ट्रम्पच्याच रिपब्लिकन पक्षाचा, म्हणजे ठराव तिथे धूळ खात पडणार. ठाणेदारांनी सात कलमांचा ठराव २८ एप्रिललाच जाहीर केला होता. न्यायात अडथळा, संसदेने मंजूर केलेला पैसा स्वतःच्या मर्जीने अडवणं, व्यापाराच्या अधिकारांचा गैरवापर, अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यावर घाला, डोज नावाचं सरकारी खर्चकपातीचं बेकायदा खातं उभं करणं, लाचखोरी आणि भ्रष्टाचार, आणि शेवटचं एक मोठं गाठोडं, हुकूमशाही वागणं. तो कमिटीत पडून होता. पण एक वाट असते. महाभियोग हा सभागृहाच्या विशेषाधिकाराचा विषय मानला जातो, आपल्या विधानसभेतल्या हक्कभंगाशी याची गल्लत करू नका, हे वेगळं प्रकरण आहे. एकट्या सदस्याने उभं राहून नोटीस दिली की दोन कामकाजी दिवसांत तो विषय सभागृहासमोर घ्यावाच लागतो, कमिटी अध्यक्ष असो की स्पीकर, अडवू शकत नाही. म्हणजे एकटा माणूस ४३५ जणांना मत द्यायला लावू शकतो. खूप ताकदीचं हत्यार आहे हे, आणि म्हणूनच पक्षाला न विचारता कोणी ते काढलं की पक्षाच्या पोटात गोळा येतो.

कारण असा विषय आला की समोरचा पक्ष लगेच म्हणतो "टेबल करा". टेबल करा म्हणजे चर्चा नको, बाजूला ठेवा, मारून टाका. त्याला साधं बहुमत पुरतं आणि त्यावर नावानिशी मत नोंदवलं जातं. आता डेमोक्रॅट खासदाराची पंचाईत बघा. टेबल करायला हो म्हटलं तर गावाकडचे कट्टर कार्यकर्ते म्हणणार ट्रम्पला वाचवलंस. नाही म्हटलं तर अटीतटीच्या मतदारसंघातला विरोधक जाहिरात करणार की बघा, ना सुनावणी ना पुरावे आणि हे निघाले महाभियोग करायला. ठराव पास होणार नाही हे शंभर टक्के माहीत, वरच्या सभागृहात, सिनेटमध्ये तर शिक्षेसाठी दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणजे ६७, त्यामुळे फायदा शून्य आणि प्रत्येकाच्या अंगावर एक डाग नक्की.

आणि वेळ? वेळ तर अशी निवडली होती की विचारू नका. त्याच मंगळवारी दुपारी एनर्जी अँड कॉमर्स कमिटीत रिपब्लिकनांच्या त्या मोठ्या बजेट बिलावर कलमवार काम सुरू झालं होतं, ज्यात मेडिकेडची कपात होती. मेडिकेड म्हणजे गरिबांचा सरकारी आरोग्यविमा. ती बैठक सलग २६ तासांच्या वर चालली, रात्रभर, व्हीलचेअरवरच्या आंदोलकांना पोलिसांनी बाहेर काढलं, अटक केली, डेमोक्रॅट खासदार पहाटे डोळे चोळत एकेक दुरुस्ती मांडत होते आणि हरत होते, पण त्यांना हवं तेच घडत होतं, टीव्हीवर मेडिकेड हा शब्द ऐकू येत होता. पक्षाने महिनोन्महिने ठरवलं होतं की २०२६ ची निवडणूक पोटापाण्याच्या, दवाखान्याच्या मुद्द्यावर लढायची. आणि नेमक्या त्या तासांना कॅपिटलच्या, म्हणजे संसदेच्या इमारतीच्या कॉरिडॉरमध्ये पत्रकार काय विचारायला लागले, तर "ठाणेदारांच्या महाभियोगावर तुमचं मत काय?" लग्नाच्या पंगतीत वाढपी बुंदी घेऊन फिरतोय आणि कोणीतरी मधेच उभं राहून जमिनीच्या वाटणीचा विषय काढावा तसं झालं.

ठाणेदारांची बाजू अगदीच पोकळ होती असं नाही हं. त्याच आठवड्यात कतारच्या राजघराण्याकडून ट्रम्पना आलिशान विमान मिळण्याची बातमी गाजत होती, ट्रम्प स्वतः आखाताच्या दौऱ्यावर होते, आणि ठाणेदारांचं म्हणणं होतं की परदेशी सरकारकडून संसदेच्या संमतीशिवाय असली भेट घेणं हे राज्यघटनेत सरळसरळ नाकारलंय, मग आत्ता नाही तर कधी? तत्त्व म्हणून हे बरोबर आहे. पण पक्षाचं नेतृत्व म्हणत होतं की अशा गोष्टीची आधी चौकशी होते, साक्षीपुरावे होतात, मग कलमं बनतात. कॉकसचे, म्हणजे हाउसमधल्या डेमोक्रॅट खासदारांच्या गटाचे अध्यक्ष पीट अगिलार यांनी तर उघडच सांगितलं की आम्ही टेबल करायच्या बाजूने मत देऊ. म्हणजे स्वतःचाच पक्ष ठराव मारायला निघाला होता. सुरुवातीला सहप्रायोजक म्हणून ज्यांची नावं लागली होती त्यातल्या काही ज्येष्ठांनी आधीच नाव काढून घेतलं होतं, त्यांचा समज झाला होता की याला नेतृत्वाचा हिरवा कंदील आहे. इथे मला पहिल्यांदा लक्षात आलं की गडबड कलमांत नाही, गडबड आधीच्या वर्षांत आहे. ज्येष्ठ सहकाऱ्यांना जाऊन "बघा, मी हे करतोय, नेतृत्व विरोधात आहे, तरी येता का" असं स्पष्ट विचारायचं नातंच तिथे तयार झालेलं नव्हतं.

ते का नव्हतं त्यासाठी मागे जावं लागेल.

वडील रिटायर झाल्यावर घराची जबाबदारी लहान वयातच अंगावर आली, शिकता शिकता कामं केली, मग मुंबई विद्यापीठातून केमिस्ट्रीत मास्टर्स, भाभा अणुसंशोधन केंद्रात नोकरी, १९७९ ला अमेरिका, ओहायोमधल्या अ‍ॅक्रन विद्यापीठात पॉलिमर केमिस्ट्रीत पीएचडी. नंतर नोकरी करता करता सेंट लुईसमध्ये केमिर नावाची छोटी लॅब ७५,००० डॉलरला घेतली, कर्ज काढून. ती वाढवली, अजून कंपन्या घेतल्या, पुरस्कार मिळाले. आत्मचरित्र साधारण इथल्या यशावर संपतं. पण आयुष्य पुढे गेलं आणि २०१० मध्ये कर्जाच्या ओझ्याखाली सगळा डोलारा बसला, बँकेने ताबा घेतला, लिलाव. त्यांच्या न्यू जर्सीतल्या प्राण्यांवर औषधं तपासणाऱ्या लॅबमध्ये शंभरहून जास्त बीगल कुत्री आणि माकडं बंद इमारतीत राहिली, त्यांना आधीचे कर्मचारी कुंपणावरून जाऊन खायला घालायचे असं तेव्हाच्या बातम्यांत आलं, शेवटी प्राणिमित्र संस्थांनी त्यांना नवी घरं शोधून दिली. ठाणेदारांचं म्हणणं असं की ताबा बँकेकडे होता, माझ्या हातात काही नव्हतं. हे प्रकरण त्यांना प्रत्येक निवडणुकीत भेटतं. तर ते मिशिगनला आले, अ‍ॅन आर्बरमध्ये नवी लॅब काढली, अव्होमीन, ती परत वाढवली आणि २०१६ मध्ये तिचा मोठा हिस्सा विकला. पंचावन्नाव्या वर्षी बुडून साठीत पुन्हा पैसेवाला होणं ही खायची गोष्ट नाही, याबद्दल माणसाला सलामच.

आता पैसा आहे, वेळ आहे, मग काय? आपल्याकडे असा माणूस आधी शाळा काढतो, मग साखर कारखान्याच्या पॅनेलमध्ये शिरतो, मग झेडपी, मग पक्षश्रेष्ठींच्या दारात तिकिटासाठी बसतो. अमेरिकेत तिकीट देणारा हायकमांडच नसतो. प्रायमरी असते, म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे मतदारच ठरवतात, आणि सह्या गोळा करून कोणीही त्यात उतरू शकतं. ठाणेदार थेट राज्याच्या गव्हर्नरपदासाठी उतरले, २०१८, याआधी नगरसेवक पण नव्हते. स्वतःच्या खिशातले एक कोटी डॉलरच्या वर घातले. सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलच्या वेळी टीव्हीवर जाहिरात केली, इतर उमेदवार अजून देणगीदारांना फोन करत होते तेव्हा यांचा चेहरा घराघरांत गेला होता. भूमिका एकदम डावी: सगळ्यांना सरकारी आरोग्यविमा, किमान वेतन तासाला १५ डॉलर, कंपन्यांचा पैसा नको. त्यावर गदारोळ झाला कारण २०१६ मध्ये हे रिपब्लिकन मार्को रुबियोंच्या सभेत दिसले होते, त्याआधी रिपब्लिकनच असलेल्या मॅककेनना देणगी दिली होती, आणि काही राजकीय सल्लागारांनी सांगितलं की हे कुठल्या पक्षातून उभं राहावं असं विचारत होते. ठाणेदारांनी ते साफ नाकारलं. पण "या माणसाचा खरा रंग कुठला" हा प्रश्न तेव्हा जो चिकटला तो निघाला नाही.

निकाल: ग्रेचेन व्हिटमर ५२ टक्के, अब्दुल अल-सय्यद ३० टक्के, ठाणेदार जेमतेम १८. तिसरे. बातम्यांत लिहिलं गेलं श्रीमंत हौशी माणूस आपटला. पण आकडे उघडून बघितले तर त्यात एक ओळ होती जी बहुतेकांनी सोडली आणि ठाणेदारांनी सोडली नाही. डेट्रॉइट शहरात ते पहिले आले होते! व्हिटमरच्याही पुढे. गरीब, बहुसंख्य कृष्णवर्णीय शहर, तिथल्या मतदाराला टीव्हीवर दिसणारा, गरिबीची गोष्ट सांगणारा, चर्चमध्ये येणारा हा माणूस पटला असावा. धंद्यातला माणूस तो, कुठल्या दुकानात माल खपतो ते कळल्यावर दुसऱ्या गावात कशाला बसेल? बिऱ्हाड उचललं आणि डेट्रॉइटला आले. २०२० मध्ये तिथून राज्याच्या विधानसभेत निवडून गेले, पुन्हा बऱ्यापैकी स्वतःच्या पैशावर, पुन्हा भरपूर उमेदवारांच्या गर्दीतून.

आणि मग २०२२, ज्यावर हे सगळं उभं आहे. २०२० च्या जनगणनेनंतर मिशिगनच्या हाउसमधल्या जागा १४ वरून १३ झाल्या. नकाशा यावेळी राजकारण्यांनी नाही तर नागरिकांच्या आयोगाने काढला, १३ जणांचा आयोग, चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच कुठलेच नाहीत. नव्या नकाशात डेट्रॉइटचे मतदारसंघ उपनगरांत ताणले गेले आणि कृष्णवर्णीय मतदारांचं प्रमाण आधीपेक्षा कमी झालं. आधीच्या तेराव्यातल्या खासदार रशिदा तलैब नव्या बाराव्यात गेल्या, दुसऱ्या खासदार ब्रेंडा लॉरेन्स यांनी निवृत्ती घेतली, म्हणजे नवा तेरावा पूर्ण रिकामा. डेट्रॉइटला १९५५ पासून, चार्ल्स डिग्ज यांच्यापासून, काँग्रेसमध्ये कायम कृष्णवर्णीय प्रतिनिधी होता. ही परंपरा टिकायला हवी म्हणून तिथल्या ज्येष्ठांनी एक कमिटी करून एकाच उमेदवाराच्या मागे उभं राहायचं ठरवलं, ॲडम हॉलियर, राज्याचे सिनेटर, लष्करी राखीव दलातले. महापौरही हॉलियरकडे. पण ब्रेंडा लॉरेन्स यांनी पोर्शिया रॉबर्सनना पाठिंबा दिला, डेट्रॉइटचे जुने खासदार जॉन कॉन्यर्स यांचा मुलगा उभा राहिला, आणखी कोण कोण, एकूण नऊ उमेदवार. ज्यांनी आपल्याकडे बंडखोरीत मतविभागणी बघितली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. मिशिगनमध्ये दुसरी फेरी पण नसते, सगळ्यात जास्त मतं तो जिंकला. ठाणेदार २८ टक्क्यांवर जिंकले, हॉलियर पाच टक्क्यांच्या आत मागे राहिले. मतं म्हणाल तर बावीस हजारांच्या आसपास, आणि मतदारसंघ पावणेआठ लाख लोकांचा. डेमोक्रॅट बालेकिल्ला असल्यामुळे नोव्हेंबरची निवडणूक म्हणजे औपचारिकता होती.

यात त्यांनी काही चुकीचं केलं का? नाही. नियम सगळ्यांना सारखेच होते, बाकीच्या आठांना एकत्र यायला कोणी अडवलं नव्हतं. पण याची किंमत कशी वसूल होते ते बघा. साधारण खासदार वर येतो तेव्हा वाटेत शंभर लोकांचं देणं करून येतो, युनियन, महापौर, चर्चचे पाद्री, आधीचे खासदार, देणगीदार. आपण त्याला मिंधेपण म्हणतो, पण त्या मिंधेपणाची दुसरी बाजू म्हणजे अडचणीत फोन उचलणारी माणसं. ठाणेदार कोणाचेच मिंधे नव्हते आणि त्यांचंही कोणी नव्हतं. उलट स्थानिक नेत्यांचा मोठा गट पहिल्या दिवसापासून यांना पुढच्या वेळी कसं पाडायचं याच विचारात होता.

आता धोरणांबद्दल. इथे सगळ्यात मोठी कोलांटी इस्रायलवर आहे. विधानसभेत असताना २०२१ मध्ये इस्रायलची लष्करी मदत थांबवा म्हणणाऱ्या ठरावावर यांचं नाव होतं. त्यामुळे २०२२ च्या प्रायमरीत आयपॅक या इस्रायल समर्थक लॉबीशी जोडलेल्या गटाने हॉलियरसाठी सुमारे ४० लाख डॉलर ओतले. ठाणेदार तरीही जिंकले. आणि जिंकल्यावर काय केलं? इस्रायलचे जोरदार समर्थक झाले. डेमोक्रॅटिक सोशॅलिस्ट्स ऑफ अमेरिका या डाव्या संघटनेचे ते सदस्य होते, ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासच्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कमध्ये पॅलेस्टाइनच्या बाजूने जी सभा झाली त्याचा निषेध करून सदस्यत्व सोडलं. त्यांचे समर्थक म्हणतात माणसाने तिकडे जाऊन पाहिलं, मत बदललं, बदलू नये का? बदलावं की. पण एक पैशाचं गणित पण आहे, जो गट तुम्हाला पाडायला ४० लाख घालू शकतो तो पुढच्या वेळी गप्प बसला तरी ती मोठी कमाई आहे. माझं मत विचाराल तर दोन्ही खरं असेल. माणूस मनापासून बदलतो तेव्हाही बहुतेक वेळा सोयीच्या दिशेनेच बदलतो, हे काही फक्त अमेरिकेतलं नाही.

बाकी ठिकाणी ते बऱ्यापैकी सरळ पुरोगामी डेमोक्रॅट आहेत. गर्भपाताचा हक्क, कामगार संघटना, स्थलांतरितांची बाजू, छोटे उद्योग. सप्टेंबर २०२३ मध्ये हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन अमेरिकनांसाठी काँग्रेसमध्ये एक गट त्यांनी सुरू केला आणि पुढे हिंदूद्वेषाविरुद्ध ठराव मांडला, भारतातल्या वर्तमानपत्रांत ते येतात ते बहुतेक याच बातम्यांमुळे. होमलँड सिक्युरिटी कमिटीत बसतात. पण डेट्रॉइटच्या लोकांना विचाराल तर त्यांना आठवतात ती होर्डिंग्ज. खासदाराच्या ऑफिसला जो सरकारी खर्च मिळतो त्यातून मतदारांना माहिती द्यायची मुभा असते, आणि त्यातून जाहिरातींवर खर्च करणाऱ्यांत यांचं नाव वरच्या रांगेत येत राहिलं. नियमात बसतं. पण शहरात जिथे बघावं तिथे श्री. व्यापारी माणसाचा जुना विश्वास, नाव डोळ्यासमोर राहिलं पाहिजे.

२०२४ मध्ये हॉलियर परत आले. मिशिगनमध्ये हाउसच्या उमेदवाराला यादीत नाव यायला १,००० वैध सह्या लागतात. ठाणेदारांच्या बाजूने आक्षेप घेतला गेला, काउंटीच्या ऑफिसात कागद तपासले गेले, एकेक सही, पत्ता बरोबर आहे का, मतदार यादीत आहे का, आणि काही तर एकाच हातच्या वाटाव्यात अशा निघाल्या. वैध सह्या हजाराच्या खाली आल्या आणि हॉलियर यादीतूनच बाहेर. ज्याच्यामागे शहरातलं सगळं वजन होतं तो सह्यांच्या गठ्ठ्यावर आपटला, कारण सह्या गोळा करायचं काम ज्यांना दिलं त्यांनी चुना लावला. मग प्रायमरीत ठाणेदारांना जवळपास ५५ टक्के मिळाले, नगरपरिषदेच्या सदस्य मेरी वॉटर्स दुसऱ्या. पहिल्यांदाच निम्म्याच्या वर. पण तगडा विरोधक मैदानातच नव्हता हे सगळ्यांना माहीत होतं, त्यांना स्वतःलाही असणारच.

म्हणून आता परत २८ एप्रिल २०२५ कडे या. त्या सोमवारी ठाणेदारांनी महाभियोगाची सात कलमं जाहीर केली. आणि त्याच सोमवारी डॉनव्हन मॅकिनी या डेट्रॉइटच्या तरुण कृष्णवर्णीय आमदाराने जाहीर केलं की २०२६ च्या प्रायमरीत मी ठाणेदारांविरुद्ध उभा राहतोय, पाठीशी जस्टिस डेमोक्रॅट्स, म्हणजे २०१८ मध्ये अलेक्झांड्रिया ओकासियो-कोर्टेझ यांना मैदानात आणणारी संघटना. एकच दिवस! लोकांनी लगेच जोडलं की बघा, डावीकडून धोका आला म्हणून ट्रम्पविरोधाचा झेंडा उचलला. मला हे पूर्ण पटत नाही, सात कलमांचा कायदेशीर मसुदा एका दिवसात होत नाही, आठवडे लागतात. पण डेट्रॉइटमध्ये कोणीतरी तगडा उभा राहणार हे काही गुपित नव्हतं, आणि मतदार चिडलेले होते, त्या वसंतात प्रत्येक डेमोक्रॅट खासदाराला गावातल्या सभेत "तुम्ही लढत का नाही" हेच ऐकावं लागत होतं. ठाणेदारांनी बाजार वाचला, त्यांनी कायम वाचलाय. दुसऱ्याच दिवशी ट्रम्प मिशिगनमध्येच सभेला होते आणि तिथे त्यांनी "कोण हा माणूस" अशा थाटात टिंगल केली, राष्ट्राध्यक्षाने टिंगल करणं यापेक्षा स्वस्त जाहिरात कुठे मिळणार.

इथपर्यंत सगळं जमलं होतं. ठराव टाकला, बातमी झाली, ट्रम्प बोलले. थांबले असते तर कोणाचं काही बिघडलं नसतं, कमिटीत पडलेल्या ठरावावर कोणालाच मत द्यावं लागत नाही. मग १३ मे ला ती नोटीस का दिली? माझा अंदाज असा की २०१८ पासून त्यांनी जे केलं तेच परत केलं. मधल्या माणसांना ओलांडून थेट मतदारापुढे जायचं. गव्हर्नरपदाला तेच, प्रायमरीला तेच. फरक एवढाच की आतापर्यंत मधली माणसं म्हणजे पक्षाचे स्थानिक पुढारी होते आणि मत देणारे बाहेरचे लोक होते. हाउसमध्ये मत देणारे तेच मधले लोक असतात. ज्यांना ओलांडायचं त्यांच्याचकडून मत घ्यायचं. तिथे टीव्ही जाहिरात चालत नाही, होर्डिंग चालत नाही, नऊ जणांत मतं फुटत नाहीत. तिथे २८ टक्के म्हणजे हरणं, आणि त्या दिवशी यांच्याकडे २८ टक्के सोडा, बोटावर मोजण्याइतके पण खात्रीचे नव्हते.

बुधवारी पक्षाच्या बैठकीत आणि सभागृहात काय काय बोलणं झालं त्याच्या सुरस बातम्या आल्या, त्या सोडून देऊ. पण प्रक्रियेतली एक गोष्ट सांगतो. अशी नोटीस दिली की वेळ ठरते, आणि त्या वेळी त्या सदस्याने स्वतः उभं राहून ठराव पुकारावा लागतो. पुकारला नाही तर काही होत नाही, कामकाज पुढच्या विषयाकडे सरकतं, ना टेबल, ना मत, ना नोंद. म्हणजे माघार घ्यायला भाषणाचीही गरज नसते, फक्त उभं राहायचं नाही. ठाणेदार उभे राहिले नाहीत.

मला वाटतं त्यांच्यापुढे तेव्हा तीन वाटा होत्या आणि त्यांनी सगळ्यात वाईट घेतली. एक, नोटीसच न देता ठराव कमिटीत ठेवायचा आणि रोज एकेक सहप्रायोजक जोडत जायचं, कंटाळवाणं काम, पण संसदेत तेच चालतं. दोन, नोटीस दिलीच आहे तर शेवटपर्यंत जायचं, सगळे विरोधात गेले तरी चालेल, निदान गावाकडे सांगता येतं की मी एकटा उभा होतो. तीन, नोटीस देऊन माघार. यात सहकारी पण दुखावले आणि लढवय्येपण पण गेलं, विरोधकाला दोन्हीकडून मुद्दा मिळाला. मॅकिनींच्या बाजूला ट्रम्पविरोधात काही नवीन बोलायची गरजच उरली नाही.

दुसरी वाट खरंच शक्य होती का हे बघायला फार थांबावं लागलं नाही. सहा आठवड्यांनी, २४ जून २०२५ ला, टेक्सासचे डेमोक्रॅट खासदार अल ग्रीन यांनी महाभियोगाचा ठराव आणला, इराणवर संसदेला न विचारता बॉम्बहल्ला केला म्हणून. ग्रीन हे २०१७ पासून हेच करत आलेत, ट्रम्पवरचा सभागृहात मतदानापर्यंत गेलेला पहिला ठराव त्यांचाच, दर वेळी हरतात, दर वेळी परत आणतात, आणि सगळ्यांना माहीत असतं की हा गृहस्थ असाच आहे, त्यामुळे कोणी त्यांच्यावर फार डोकं फोडत नाही. यावेळी पण टेबल झाला, ३४४ विरुद्ध ७९, १२८ डेमोक्रॅट रिपब्लिकनांबरोबर गेले. पण ७९ तर होते. त्यांची नावं नोंदीत आहेत, आपापल्या मतदारसंघात जाऊन ते सांगू शकतात. ठाणेदारांच्या सात कलमांवर कोण किती होते, याचा आकडा मात्र कुठेच नाही, कारण ती वेळ आली तेव्हा पुकारणारं कोणी उभंच राहिलं नाही.